ट्रेलरमधले तापणारे दिवे : दुरुस्तीच्या नोंदी

गाडी : 24 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर), 2006 चं मॉडेल, बांधणी एल्कहार्ट, इंडियाना. सेकंडहँड घेतलेला. सध्या न्यू जर्सीत, घराच्या ड्राइव्हवेवर उभा.

वीज : बाहेरून 120 व्होल्ट, 30 अँपिअर. आत 45 अँपिअरचा कन्व्हर्टर-चार्जर (120 व्होल्टपासून 12 व्होल्ट करून दिवे चालवतो आणि बॅटरी भरतो). पुढे जोडदांड्यावर ग्रुप 24 मापाची एक 12 व्होल्टची बॅटरी.

छताचे दिवे : 8. प्रत्येकात दोन बल्ब, प्रत्येकाचा स्वतःचा सरकता स्विच. सर्किट अ : डायनेट (जेवणाचं टेबल-बाक) 2, ओटा 1, सोफा 1. सर्किट ब : बेडरूम 2, पॅसेज 1, बाथरूम 1. दोन्हीकडे 14 गेजची तांब्याची वायर (गेजचा आकडा जितका लहान, तितकी वायर जाड).

शनिवार, 12 एप्रिल 2025

तक्रार अशी : अर्ध्या तासात दिव्यांना हात लावता येत नाही. डायनेटवरच्या दोन्ही दिव्यांची प्लॅस्टिकची कव्हरं मधोमध पिवळी पडून थोडी फुगली आहेत. बाथरूमच्या दिव्याला जळका वास येतो. बल्ब वरचेवर जातात. हे सगळं ट्रेलर घराच्या विजेला जोडलेला असतानाच होतं. नुसत्या बॅटरीवर दिवे पिवळट, मंद जळतात आणि फारसे तापत नाहीत.

हत्यार उचलण्याआधी दिवे फक्त पेटवून पाहिले. डायनेट, ओटा : झगझगीत पांढरे, आणि तापतात. सोफा, बेडरूम, पॅसेज : नेहमीपेक्षा उजळ, पण तापणं त्यामानाने कमी. बाथरूम : शेजारच्या पॅसेजच्या दिव्यापेक्षा उघड मंद, तरी वास तिथलाच. कव्हरला हात ठेवता येतो, पण बेसच्या एका कडेला चटका बसतो.

इथेच काम दोन वाटांनी फुटतं. दिवा उजळ आणि गरम असेल तर बल्बमध्ये वॅट जास्त जळतायत : एकतर बल्ब चुकीचा, नाहीतर व्होल्टेज जास्त. दिवा मंद आणि गरम असेल तर बल्बपर्यंत पोचायच्या आधीच वीज कुठेतरी जोडात नाहीतर स्विचमध्ये जळते आहे. पहिल्या प्रकारात कव्हर आणि छत भाजतं, दुसऱ्यात वायरीचं इन्शुलेशन. दोन्हींवर ‘सगळीकडे एलईडी टाका’ हा एकच सल्ला सर्रास दिला जातो. त्याने पहिल्या प्रकारातलं मूळ कारण झाकलं जातं आणि दुसऱ्यातला सैल जोड आहे तिथेच राहतो. म्हणून एलईडी शेवटी.

ओट्यावरचं कव्हर काढलं. (बल्ब थंड होईपर्यंत थांबायचं. जुनं प्लॅस्टिक गरम असताना वाकतं आणि पार गार असताना तडकतं. कोमट असताना कडेला अंगठे लावून पिळलं की निघतं.) बेसवरच्या लेबलवर स्पष्ट छापलंय : 12 व्होल्ट, बल्ब क्रमांक 1141, कमाल 18 वॅट. होल्डरमध्ये 1156 निघाले. डायनेटच्या दोन्ही दिव्यांतही तेच. बाकी पाच दिव्यांत 1141.

या दोन क्रमांकांची गल्लत फार होते, कारण दोन्ही एकाच होल्डरात चपखल बसतात. तोच एका टोकाचा बायोनेट (दाबून फिरवायचा) तळ, काचेचा गोळाही त्याच मापाचा. 1141 हा 12.8 व्होल्टला 1.44 अँपिअर घेतो, म्हणजे 18 वॅटच्या किंचित वर. 1156 हा गाडीच्या रिव्हर्स आणि इंडिकेटर दिव्यांचा बल्ब, तो 2.1 अँपिअर घेतो, म्हणजे 27 वॅट. ऑटोपार्ट्सच्या दुकानात 1156 कुठेही मिळतो, 1141 शोधावा लागतो, त्यामुळे मागच्या मालकाने हाताला लागला तो लावला असणार. क्रमांक पितळी तळावर बारीक कोरलेला असतो. काच बघून कळत नाही, तळ पुसून वाचावा लागतो.

एका दिव्यात दोन 1156, म्हणजे 37 वॅटसाठी बनवलेल्या बंद डब्यात 54 वॅट. तेही नेमक्या 12.8 व्होल्टला.

रविवार, 13 एप्रिल

आज व्होल्टेज. डायनेटच्या बाकाखालचं फ्यूजपॅनल उघडलं. मल्टीमीटर डीसीवर, काळी प्रोब निगेटिव्ह पट्टीवर.

कन्व्हर्टरच्या तोंडाशी, सगळे दिवे बंद : 14.4. सर्किट अ चे चारही दिवे चालू करून डायनेटच्या दिव्याच्या होल्डरवर : 13.7. तोच एक दिवा चालू, बाकी बंद : 14.2.

पहिल्या दोन आकड्यांतला फरक बिघाडाचा नाही, तो वायरीचा. 14 गेजच्या तांब्याचा रोध दर हजार फुटांना अडीच ओहम. 9 फुटांवरच्या दिव्यासाठी जाऊन-येऊन 18 फूट वायर, त्यातून 16 अँपिअर गेले की पाऊण व्होल्टच्या आसपास वायरीतच पडतो. संध्याकाळी एकटाच दिवा लावून वाचत बसलं की तो सर्वांत जास्त तापतो, त्याचं कारण हे.

14.4 हा आकडा मुळात चुकीचा नाही. चार टप्प्यांच्या कन्व्हर्टरमध्ये उतरलेली बॅटरी जोमाने भरताना 14.4, नेहमीसाठी 13.6, न वापरता उभा असताना 13.2, आणि अधूनमधून थोडा वेळ बॅटरीतलं आम्ल ढवळण्यासाठी पुन्हा 14.4, असा क्रम असतो. जोमाचा टप्पा काही तासांत संपायला हवा. इथे काल दुपारपासून प्लग लावलेला आहे आणि आज सकाळी आकडा तोच.

फिलामेंटच्या बल्बवर व्होल्टेजचा परिणाम सरळ प्रमाणात नसतो. वॅट साधारण व्होल्टेजच्या 1.6 व्या घाताने वाढतात, आयुष्य 12 व्या घाताने घटतं. 12.8 चा बल्ब 13.6 वर चालवला तर वॅट 10 टक्के जास्त आणि आयुष्य निम्मं. 14.2 वर वॅट 18 टक्के जास्त, आणि 1000 तासांचा बल्ब 300 तासांच्या आत संपतो. बल्ब वरचेवर जाण्याचं कोडं इथे सुटलं. डायनेटच्या दिव्यात आता 54 नव्हे, 63 वॅट जळतायत.

क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) सर्किट अ, चारही दिवे चालू : 16.1 अँपिअर. सर्किट ब, बाथरूमचा पंखा बंद ठेवून : 11.8. (मीटर डीसी मोजणारा हवा. नुसता एसीचा स्वस्त क्लॅम्प इथे शून्य दाखवतो आणि माणूस निश्चिंत होतो.)

16.1 पाहिल्यावर फ्यूजकडे लक्ष गेलं. सर्किट अ वर पिवळा फ्यूज, म्हणजे 20 अँपिअर. पॅनलच्या झाकणावर त्या जागी 15 छापलंय, तिथे निळा हवा. 1156 लावल्यावर 15 चा फ्यूज अधूनमधून उडत असणार, म्हणून कुणीतरी 20 चा बसवून मोकळा झाला. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. छताच्या आत, फायबरग्लासमध्ये गुंडाळलेल्या 14 गेजवर 20 चा फ्यूज टाकणं आम्हाला तापलेल्या कव्हरपेक्षा जास्त घातक वाटतं, कारण कव्हर डोळ्यांना दिसतं तरी. पिवळा काढून निळा लावला. पुढचं काम होईपर्यंत डायनेटचा एक दिवा बंदच.

शनिवार, 19 एप्रिल

कन्व्हर्टर जोमाच्या टप्प्यातून का उतरत नाही? कन्व्हर्टर बिघडलाय असं धरून नवा मागवणं सोपं, पण तो बॅटरीकडे बघून निर्णय घेतो. म्हणून आधी बॅटरी.

काल रात्री बाहेरचा प्लग काढला आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून ठेवली. बारा तासांनी टोकांवर 10.7 व्होल्ट. भरलेली धडधाकट बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवते. जवळजवळ बरोबर दोन व्होल्ट कमी, म्हणजे सहापैकी एक सेल बसलेला. हायड्रोमीटरने (सेलमधल्या आम्लाची घनता मोजतो) खात्री केली : पाच सेल 1.260 ते 1.265, पुढून तिसरा 1.130. त्याच सेलमध्ये पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. पाच सेलच्या बॅटरीला सहा सेलचा दाब मिळत राहिला, करंट उतरेना, कन्व्हर्टर 14.4 वर अडकला. बॅटरीवर दिवे मंद आणि प्लगवर भगभगीत, या दोन्ही लक्षणांचं मूळ एकच निघालं.

अशी बॅटरी चार्जरवर ठेवून देऊ नये. उरलेल्या पाच सेलमधून सतत हायड्रोजन सुटतो, आणि इथे बॅटरीच्या पेटीला लागूनच प्रोपेनच्या टाक्या आहेत. पेटीची हवा जायची नळी तपासली, ती कोळ्याच्या जाळ्याने बुजली होती. साफ केली.

नवी ग्रुप 24 डीप सायकल (खोलवर उतरवून पुन्हा भरता येणारी) बॅटरी बसवली. जोडताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह, काढताना उलट. कन्व्हर्टरच्या पॅनलवर उलट जोडणीसाठी वेगळे फ्यूज असतात (आमच्यात 40 चे दोन). ते शाबूत आहेत ना पाहिलं, कारण ते उडालेले असले तर कन्व्हर्टर बॅटरी भरतच नाही आणि माणूस नव्या बॅटरीला दोष देत बसतो.

संध्याकाळी प्लग लावला. दुपारी अर्धवट उतरवलेली बॅटरी 14.4 वर भरू लागली आणि साडेतीन तासांनी कन्व्हर्टर आपोआप 13.6 वर आला. कन्व्हर्टर ठणठणीत आहे. एक मोठा खर्च वाचला.

रविवार, 20 एप्रिल

तापमानाची मोजणी. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर आणि आरपार प्लॅस्टिकवर चुकीचं वाचतो, म्हणून प्रत्येक जागी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरला. दर वेळी एकच दिवा, 45 मिनिटं चालू, खिडक्या बंद, आतली हवा 22 अंश सेल्सिअस. 14.2 व्होल्टची मोजणी बाहेरच्या बदलत्या व्होल्टेजच्या पॉवर सप्लायने केली, कन्व्हर्टर आता तिथे थांबत नाही.

ओट्यावरच्या दिव्याचा बेस :

1156 चे दोन, 14.2 व्होल्ट : 96 अंश
1141 चे दोन, 14.2 व्होल्ट : 75
1141 चे दोन, 13.6 व्होल्ट : 71

पहिल्या वाचनाच्या वेळी कव्हरचा मध्य 104 आणि बेसच्या कडेला टेकलेलं छत 91 होतं. लाकडी पृष्ठभागाला दिव्यामुळे 90 च्या वर तापमान सतत लागू नये, असा दंडक दिव्यांच्या मानकांत आहे. लाकूड त्या तापमानाला पेटत नाही, पण वर्षानुवर्षं भाजत राहिलं की कोळशाकडे सरकतं आणि मग कमी उष्णतेलाही पेट घेऊ शकतं.

म्हणून डायनेटचे दोन्ही दिवे उतरवून वरचं छत पाहिलं. ट्रेलरचं आतलं छत म्हणजे 3 मिलीमीटरचा लुआन प्लाय, त्यावर कागद, आणि वर लगेच फायबरग्लासची गादी. फायबरग्लास जळत नाही, पण उष्णतेला वर जाऊ देत नाही, आणि त्याच्या कागदी अस्तराचा भरवसा नाही. एका दिव्यामागे तांबूस तपकिरी कडं उमटलंय, भाकरीवर पडतो तसा डाग. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहिलं. लाकूड कडक आहे, भुगा पडत नाही, स्क्रू धरतो. काळं पडून ठिसूळ झालं असतं तर तेवढा चौकोन कापून नवा प्लाय घालावा लागला असता. इथे गरज नाही.

आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. 14.2 वरून 13.6 वर आल्याने फक्त 4 अंश उतरले, 1156 च्या जागी 1141 आल्याने 21. या ट्रेलरमध्ये बल्ब हे मोठं कारण, व्होल्टेज हे धाकटं. आम्हाला आधी उलट वाटण्याजोगी परिस्थिती होती, कारण 14.4 हा आकडा डोळ्यांत भरतो.

शनिवार, 26 एप्रिल

बाथरूम. हे काम वेगळं, म्हणून वेगळा दिवस.

जोड शोधायचा असेल तर वीज चालू आणि दिवा पेटलेला हवा. बल्ब बंद असताना खराब जोडही मीटरवर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण करंट नसेल तर पडझड नसते. बेसचे स्क्रू काढून दिवा वायरींवर लोंबता ठेवला, दोन्ही बल्ब चालू.

होल्डरवर 12.1. पॅसेजच्या दिव्यावर त्याच वेळी 13.4. सव्वा व्होल्टहून थोडा जास्त कुठे गेला ते टप्प्याटप्प्याने :

पॉझिटिव्हचा जोड, अलीकडून पलीकडे : 0.03
स्विच, एका टोकाकडून दुसऱ्याकडे : 0.4
निगेटिव्हचा जोड, अलीकडून पलीकडे : 0.9

दिवा 2.7 अँपिअर घेतोय. 0.9 गुणिले 2.7 म्हणजे जवळपास अडीच वॅट, आणि हे अडीच वॅट वाटाण्याएवढ्या जागेत. बल्ब बाहेर उजेड आणि उष्णता फेकतो. हा जोड प्लॅस्टिकच्या टोपीत कोंडलेला.

वीज तोडली. इथे बाहेरचा प्लग आणि बॅटरी, दोन्ही सोडावं लागतं. नुसती बॅटरी सोडली तर कन्व्हर्टर त्याच वायरींना वीज देत राहतो. शिवाय ट्रेलरमध्ये 12 व्होल्टची वायर बहुधा काळी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह असते, घरातल्या 120 व्होल्टच्या फेज-न्यूट्रलसारखी. मोटारीच्या सवयीने काळी म्हणजे निगेटिव्ह धरलं तर घोटाळा होतो. आणि एखाद्या कप्प्यात खरोखरच 120 ची काळी-पांढरी जोडी शेजारून गेलेली असते. रंगावर विश्वास न ठेवता मीटर लावायचा.

निगेटिव्हच्या जोडावरची वायर नटची (वायरींवर पिळून बसवायची) टोपी तपकिरी, आतलं स्प्रिंग निळसर. येणारी 14 गेज, पुढे जाणारी 14 गेज आणि दिव्याची 18 गेज, तिन्ही एकाच टोपीत. 18 गेजचे निम्मे तंतू तुटलेले, उरलेले हिरवे-काळे. वायर नट घराच्या भिंतीतल्या एकसंध तारेसाठी ठीक. रस्त्यावर हादरे खाणाऱ्या बहुतंतू वायरीवर तो हळूहळू सैल होतो, बाथरूमची वाफ आत जाते, तांबं गंजतं, रोध वाढतो, जोड तापतो, तापला की आणखी गंजतो. एकदा हे चक्र सुरू झालं की आपणहून थांबत नाही.

दुरुस्ती : तिन्ही वायरी चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापल्या (14 गेजमधून पाऊण इंच, 18 मधून दीड). 11 मिलीमीटर सोललं. तीन खाचांचा, पट्टी दाबून बसवायचा वॅगो 221 कनेक्टर वापरला. तो 24 ते 12 गेज घेतो, त्यामुळे जाड-बारीक वायर शेजारी शेजारी बसते आणि प्रत्येक वायर स्वतंत्र स्प्रिंगने धरली जाते. प्रत्येक वायर ओढून पाहिली. मग जोडापासून दोन इंचांवर वायरींना केबल टाय, म्हणजे हादरा जोडावर येत नाही.

क्रिंप करायचं (पक्कडीने दाबून जोडायचं) असेल तर 14 गेजला निळा, डिंक असलेला हीटश्रिंक बट कनेक्टर (तापवल्यावर आकसणारी जोडनळी). बारीक वायर निळ्यात एकेरी घातली तर दाबली जाते पण धरली जात नाही; सोललेलं टोक दुमडून दुप्पट करून घालावं. सोल्डर नको. वितळलेलं कथील तंतूंमधून वर चढतं, जिथे थांबतं तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते.

स्विचचे 0.4 राहिले. सरकत्या स्विचच्या पत्र्या जळून काळ्या झालेल्या. काँटॅक्ट क्लीनरने तात्पुरतं 0.15 वर आलं, पण जळलेल्या पत्रीवरचा मुलामा परत येत नाही. स्विच बेसमध्ये रिव्हेट केलेला असल्याने अख्खा दिवा बदलायचा ठरवलं. जोडानंतर होल्डरवर 13.0. उजेडातला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

रविवार, 27 एप्रिल

बाकी सात दिव्यांचे जोड उघडले. आणखी दोन ठिकाणी टोपी हाताने फिरली. सगळे बदलले : आठ दिवे, प्रत्येकी पॉझिटिव्ह एक आणि निगेटिव्ह एक, असे 16 वॅगो. डायनेटच्या दिव्यांचे होल्डर अति उष्णतेने मऊ पडलेत. तळाची स्प्रिंग दाबली की परत येत नाही, त्यामुळे बल्बचं टोक अर्धवट टेकतं आणि तिथे बारीक ठिणगी पडते. हे दोनही दिवे बदलायचे. एकूण नवे दिवे 3.

शनिवार, 3 मे

आता एलईडी. 1141 च्या मापाचे, बायोनेट तळाचे, दोन प्रकारचे नमुने मागवले होते. दिसायला सारखेच, किमतीत दुपटीहून जास्त फरक. पॉवर सप्लायवर लावून करंट मोजला.

स्वस्त प्रकार : 12.0 व्होल्टला 0.14 अँपिअर, 12.8 ला 0.18, 13.6 ला 0.23, 14.4 ला 0.28. व्होल्टेज 20 टक्के वाढलं, करंट दुप्पट झाला. आत फक्त रोधक आहेत. तीन-तीन एलईडीच्या साखळीला साडेनऊ व्होल्टच्या आसपास लागतात, वरचं सगळं रोधकाला सोसावं लागतं. 12 ला रोधकावर अडीचच्या जवळ पडत होते, 14.4 ला 5 च्या जवळ जातात. अर्ध्या तासात बल्बचं अंग 92 अंश, उघड्या टेबलावर.

महाग प्रकार, पाकिटावर 10 ते 30 व्होल्ट लिहिलेला : 12.0 ला 0.23, 12.8 ला 0.215, 13.6 ला 0.20, 14.4 ला 0.19. व्होल्टेज वाढलं की करंट आपोआप उतरतो, वॅट पावणेतीनवर स्थिर. आत करंट आवरणारा ड्रायव्हर आहे. अंग 57 अंश.

हा फरक ट्रेलरमध्ये टेबलापेक्षा जास्त बोचतो. एलईडी टाकल्यावर सर्किटचा करंट 16 वरून दीडवर येतो, वायरीतली पडझड संपते, आणि दिव्यापर्यंत कन्व्हर्टरचे पूर्ण 14.4 पोचतात. जुन्या बल्बना वायर नकळत वाचवत होती, स्वस्त एलईडीला ते संरक्षण मिळत नाही. ‘एलईडी लावले तरी तापतात, लुकलुकतात, वर्षात जातात’ या तक्रारींमागे बहुतेक वेळा रोधकवालाच बल्ब असतो. पाकिटावर नुसतं ‘12 व्होल्ट’ लिहिलं असेल तर घेऊ नये. व्होल्टेजचा पल्ला छापलेला हवा.

दुसरी तपासणी रेडिओची. ड्रायव्हर आत वेगाने चालू-बंद होतो, आणि हलक्या प्रतीचा ड्रायव्हर टीव्ही अँटेनाच्या बूस्टरमध्ये नाहीतर एफएमवर खरखर सोडतो. बल्ब लावून अशक्त स्टेशन धरलं, बल्ब रेडिओपासून फूटभर नेला. खरखर नाही. 18 मागवले : 16 लावायला, 2 जास्तीचे. रंग 3000 केल्व्हिन. 6000 चा निळसर पांढरा उजेड एवढ्याशा बंद खोलीत दवाखान्यासारखा वाटतो.

शनिवार, 10 मे

नवे 3 दिवे बसवले, 16 एलईडी लावले. एका नव्या दिव्यात बल्ब पेटेना. होल्डरच्या आत पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलट आले होते. फिलामेंटला दिशा नसते, एलईडीला असते. दिव्याच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं. बायोनेट होल्डरात मधलं टोक पॉझिटिव्ह, कवच निगेटिव्ह. बेस धातूचा असेल आणि कवच उलट पॉझिटिव्ह झालं असेल तर बेसच्या स्क्रूतून ट्रेलरच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला शॉर्ट व्हायची शक्यता असते. म्हणून न पेटणारा एलईडी ही एक मोफत तपासणीच समजावी.

डायनेट, 13.6 व्होल्ट, 45 मिनिटं, हवा 23 : बेस 32, कव्हरचा मध्य 30, छताची कड 28.

करंट : सर्किट अ 1.6, सर्किट ब 1.6. फ्यूज दोन्हीकडे 10 चे लाल. अ वर 5 चाही चालला असता, पण ब वर बाथरूमचा पंखा आहे, आणि दोन्हीकडे एकच माप असलं की रात्री टॉर्चच्या उजेडात चूक होत नाही. फ्यूज छापलेल्यापेक्षा छोटा चालतो, मोठा नाही. झाकणाच्या आत कागद चिकटवला : ‘दिवे : फक्त एलईडी, 10–30 व्होल्ट, बायोनेट. फ्यूज 10. 1156 लावू नये.’

जुने 1156 फेकून दिले. ट्रेलरच्या खणात ठेवले तर कधीतरी कुणीतरी लावणारच.

शनिवार, 24 मे

मेमोरियल डेच्या सुट्टीला कॅम्पग्राउंडवर. सगळे दिवे संध्याकाळपासून चालू, कन्व्हर्टर 13.6, एकाही कव्हरवर हात ठेवायला अडचण नाही. सकाळी हादऱ्यांनंतरची तपासणी म्हणून बाथरूम आणि डायनेटचे बेस उघडले. जोड घट्ट.

दोन जागा मुद्दाम राहू दिल्या आहेत. शेगडीवरच्या हुडमध्ये काचेचा, पाचरी तळाचा 912 बल्ब आहे, 12.8 व्होल्टला 1 अँपिअर. खाली प्रोपेनच्या शेगड्या पेटल्या की हुडमधली हवाच इतकी तापते की एलईडीचा ड्रायव्हर तिथे टिकणार नाही. काच आणि फिलामेंट टिकतं. तिथे 921 मात्र घालायचा नाही. तोही त्याच पाचरीत बसतो आणि 1.4 अँपिअर घेतो, म्हणजे 1141 आणि 1156 चीच गंमत पुन्हा. हुडच्या जाळीवर तेल साचतं, ती दर महिन्याला धुवायची. फ्रिजमधला बारका बल्ब दार उघडल्यावरच पेटतो, त्याला हात लावलेला नाही.

दाराबाहेरच्या अंबर दिव्यात काय आहे ते अजून उघडून पाहायचं आहे. त्याच्या कव्हरचे स्क्रू गंजलेत. उद्या भेदक तेल मारून रात्रभर ठेवायचं, मग नंबर दोनचा चौकोनी बिट, ड्रिल नाही, हाताने.